मायची सही

आमची माय कालकथित होऊन या महिन्यात एक वर्ष पूर्ण होत आहे. आपल्या समाजात प्रथम स्मृतिदिन कसा होतो, हे वाचकांना सांगायला नको. घरासमोर मांडव पडतो, भन्तेजी येतात, त्रिशरण-पंचशील होते, परित्राणपाठ होतो, पुण्यानुमोदन होते, चार वक्ते बोलतात आणि भोजनदानाने कार्यक्रम संपतो. दैनिकात फोटो छापून येतो. फोटोखाली 'शोकाकुल' म्हणून घरातल्या सगळ्यांची नावे येतात. यात गैर काही नाही. ज्या समाजाच्या मेलेल्या माणसाची दखल गाव घेत नव्हते, त्या समाजातल्या विडी वळणाऱ्या बाईचा फोटो आज दैनिकात छापून येतो, ही चळवळीचीच कमाई आहे. परंतु आमची माय फोटोखालच्या चार ओळींत मावणारी नव्हती. आणि जाताना तिने आमच्या हाती जे काम सोपवले, ते फोटोला हार घालून पुरे होणारे नाही. म्हणून हे लिहीत आहोत. आम्ही चार भावंडे, दोघी बहिणी आणि दोघे भाऊ. हा लेख चौघांचा आहे.

माय उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत जन्मली, तिथेच वाढली आणि लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडे नांदायला गेली. तिच्या आईने विड्या वळल्या, तिनेही वळल्या. नागपूर, कामठी, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात आपल्या समाजाच्या कितीतरी पिढ्या तेंदूपत्ता आणि तंबाखूवर जगल्या. गावकीची कामे टाकून शहरात आलेल्या माणसापुढे कापडगिरणी नाही तर विडी, असे मोजकेच मार्ग होते. आमचे बाबा गिरणीत बदली कामगार होते. हजेरी लागली तर पगार, नाही तर हात हलवत घरी. विडी मात्र रोजची. घर बाबांच्या पगारावर चालते असे बाहेरचे म्हणत. प्रत्यक्षात ते मायच्या सुपावर चालत होते.

विडी वळणे म्हणजे घरी बसून करायचे हलके काम, असे ज्याला वाटते त्याने एक दिवस तसे बसून बघावे. आदल्या रात्री पाने भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी ती कैचीने एका मापाची कापायची. मग मांडीवर सूप घेऊन बसायचे. सुपात एकीकडे पाने, एकीकडे जर्दा. पान हातावर घ्यायचे, चिमटीने जर्दा पसरायचा, वळायचे, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचे. अशा पंचवीस विड्यांचा एक कट्टा आणि चाळीस कट्टे झाले की हजार. स्वयंपाक, पाणी, पोरे हे सगळे सांभाळून माय दिवसाला हजाराच्या आसपास जात असे. शाळेतून आलो की आम्ही तोंडे दुमडायला बसत असू. आमचे पाढे सुपाभोवतीच पाठ झाले. तिच्या बोटांचा तंबाखूचा वास कधी गेला नाही आणि म्हातारपणी लागलेला खोकलाही गेला नाही.

संध्याकाळी माल सट्टेदाराकडे जमा व्हायचा. तो कट्टे उलगडून छाट काढायचा. ही सैल, ती आखूड, हिचे पान फाटके. छाट काढलेल्या विड्यांचे पैसे बाईला मिळत नसत आणि त्या विड्याही तिला परत मिळत नसत. त्या कुठे जात, हे सगळ्या वस्तीला माहीत होते. आमच्या मायने एकदा त्याच्यासमोरच छाटाचा ढीग हातात घेतला. "छाट हाय नं? मंग मोडून टाकतो," असे म्हणत तिने एकेक विडी मोडायला सुरुवात केली. त्यानंतर तिच्या मालात छाट कमी निघू लागली. हे ती आम्हाला हसत सांगायची, पण त्या दिवशी पुढच्या आठवड्याचे काम जाईल या भीतीने रात्री झोप नव्हती, हेही सांगायची.

हा पट्टाच लढणाऱ्यांचा. विडी कामगारांना संघटित करणारे बाबू हरदास कामठीचे. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ साली अवघ्या पस्तिशीत आपल्यातून निघून गेले. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित वर्गाची अखिल भारतीय महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या, परमपूज्य बाबासाहेब स्वतः उपस्थित होते. स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळावा, एका पुरुषाने अनेक बायका करण्याची चाल बंद व्हावी, असे ठराव तिथे झाले. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे येथे राबणाऱ्या स्त्रियांना रजा, नुकसानभरपाई आणि निवृत्तिवेतन मिळावे, असाही ठराव झाला. आमची आजी त्या मांडवात होती. तिला ठरावांचे क्रमांक सांगता येत नसत. आपल्या बिडीची गोष्ट मंचावरून बोलली गेली, एवढे मात्र ती मरेपर्यंत सांगत राहिली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी माय दहा-अकरा वर्षांची होती. पांढऱ्या लुगड्यासाठी आजीने पायातल्या तोरड्या मोडल्या. मायला त्या दिवसाचे आठवायचे ते एवढेच, की जिकडे पाहावे तिकडे पांढरे आणि बाबासाहेबांच्या मागे सगळे लोक एका आवाजात बोलत होते. घरी आल्यावर आजीने देव्हारा रिकामा केला. बावीस प्रतिज्ञा मायला तोंडपाठ होत्या. त्या दिवसापासून आमच्या आजोळी श्राद्ध झाले नाही, पिंडदान झाले नाही.

पण दुसरी एक प्रथा घरात तशीच राहिली, आणि खरे सांगायचे आहे ते इथून पुढे.

आजोबा १९६८ साली वारले. त्यांचे स्वतःच्या कमाईचे छोटेसे घर होते. मागे मामा होते, माय होती आणि धाकटी मावशी होती. काही दिवसांनी एक कागद आला. दोघी बहिणींना अंगठा द्यायला सांगितले गेले. कशाचा कागद आहे हे कोणी सांगितले नाही आणि दोघींनी विचारले नाही. थोरल्या माणसांपुढे बायकांनी विचारायची रीत नव्हती. दोघींचे अंगठे उमटले आणि घर मामांचे झाले.

दोन वर्षांनी मावशीला नवऱ्याने टाकले. दोन लेकरे घेऊन ती माहेरी आली. मामा वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला ठेवून घेतले, पण ओसरीत. आत दोन खोल्या मामांच्या संसाराच्या, बाहेर ओसरीत गोणपाटाच्या आडोशाला मावशी. पावसाळ्यात ती लेकरे मांडीवर घेऊन बसून रात्र काढायची. मामी चिडल्या की "आमच्या घरात" हा शब्द निघायचा आणि मावशी गप्प व्हायची. ज्या घरात ती जन्मली, त्या घरात ती उपकारावर राहिली आणि उपकारावरच गेली.

माय हे जवळून बघत होती. ज्या कागदावर अंगठा दिला तो हक्क सोडण्याचा कागद होता, हे तिला मावशीच्या ओसरीतल्या पहिल्या पावसाळ्यात कळले. तेव्हापासून तिला कागदाची भीती बसली. पुढे त्या भीतीचीच जिद्द झाली.

२ ऑक्टोबर १९७८ पासून देशात राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे आमच्या वस्तीतल्या विहारातही रात्रीचा वर्ग निघाला. माय तेव्हा तेहतीस-चौतीस वर्षांची होती, चार लेकरांची आई होती. दिवसभर सुपावर वाकून झाल्यावर ती कंदील घेऊन वर्गाला जायची. बहुतेक बाया सही येऊ लागली की वर्ग सोडायच्या. माय थांबली नाही. ती म्हणायची, "वाचल्याबिगर सही केली त तो अंगठाच होय." दोन वर्षांत ती अडखळत का होईना वर्तमानपत्र वाचू लागली. पुढे तर सकाळी विडीला बसलेल्या बायांना ती मोठ्याने बातम्या वाचून दाखवायची आणि त्या बदल्यात त्या तिच्या वाटणीची पाने कापून द्यायच्या.

अक्षर आले तशी तिने स्वतःची वही केली. रोजचा माल, छाट, मिळालेले पैसे, सगळे ती वहीत लिहायची. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला होता. १९७६ साली विडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा झाला आणि विडीवरच्या उपकरातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती, कामगारांना दवाखाना या सोयी सुरू झाल्या. पण त्यासाठी ओळखपत्र लागायचे आणि सट्टेदार बायांची नावे खात्यावर दाखवायलाच तयार नसत. मायने आपली वही पुढे केली आणि गल्लीतल्या बायांना घेऊन महिनाभर खेटे घातले. ओळखपत्र मिळाले. त्यावर तिने अंगठा दिला नाही, सही केली. आमच्यातल्या दोघांच्या शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता त्या ओळखपत्रावर आला.

नामांतराच्या लढ्यात माय भाषण करणारी नव्हती. १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून तेव्हाच्या औरंगाबादकडे लाँगमार्च निघाला. तेव्हा वस्तीतल्या बायांनी भाकरी थापून दिल्या, त्यात ती होती. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्या दिवशी तिने सुपाला हात लावला नाही. आमच्या आठवणीत तिने स्वतःहून घेतलेली ती एकमेव सुट्टी. दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणाऱ्या परगावच्या माणसांना आमच्या घरातून पिठलं-भाकर जायची. शेवटच्या वर्षी उभे राहवत नव्हते, तर खाटेवर बसून ती मिरच्या निवडत होती.

आम्हा चौघांत तिने फरक केला नाही. वह्या चौघांना सारख्या, दूध असेल तर चौघांना सारखे. थोरलीने नर्सिंगला जायचे ठरवले तेव्हा नातेवाइकांनी नाके मुरडली. माय फक्त एवढेच म्हणाली, "तिच्या सहीनं पगार आला पायजे." आज बहिणींच्या पोरी शिकून नोकरीला लागल्या आहेत. त्यांना आजीच्या वहीतली आकडेमोड दाखवली की त्या गप्प होतात.

१९८० नंतरच्या काळात शहराबाहेर ले-आउट पडू लागले. मायने विडीच्या पैशातून भिशी लावली, हप्त्यावर एक छोटा प्लॉट घेतला. रजिस्ट्री तिच्या नावाने झाली. बाबांनी त्याला आडकाठी केली नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. त्या काळी असे वागणारा नवरा वस्तीत चेष्टेचा विषय व्हायचा. अर्जनविसाने कागद तयार केला आणि "इथे सही करा बाई" म्हणाला. मायने कागद थोरलीकडून वाचून घेतला, मग स्वतः वाचला. अर्जनवीस कंटाळला, मागची माणसे ओरडू लागली, पण तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनच सही केली. त्यावर पुढे विटा चढल्या, आधी एक खोली, मग दुसरी. बाबा त्याच घरातून गेले आणि मायही त्याच घरातून गेली.

शेवटच्या आजारपणात तिने एका रविवारी चौघांना बोलावून घेतले. बोलायला दम लागत होता. ती म्हणाली, "हे घर माह्या सहीनं झालं. ते चौघाइचं राहीन. पोरीइले सही मांगू नका." मावशीचे नाव तिने घेतले नाही. घ्यायची गरज नव्हती.

जलदान विधी झाला आणि दुसऱ्याच दिवशी घरातली एक मोठी व्यक्ती दोघा भावांना बाजूला घेऊन बसली. माणूस शिकलेला, जयंतीला मंचावर बोलणारा. सल्ला असा, की बहिणी इथे आहेत तोवर हक्कसोडपत्र करून घ्या, पुढे जावई काय म्हणतील सांगता येत नाही, बहिणींना चांगली साडी घ्या, चार पैसे द्या. दोन खोल्यांचे चार तुकडे कसे करणार, असा प्रश्नही आला. भावांनी उत्तर दिले, की मायने सही मागू नका असे सांगितले आहे. पुढे वारस नोंदीसाठी गेलो तेव्हा कार्यालयात कागद हातात घेताच पहिला प्रश्न आला, "बहिणींचं हक्कसोड जोडलं का?" जणू तो कागद अर्जासोबत लागणाराच आहे! खेटे घालावे लागले, पण आज आखीव पत्रिकेवर चार नावे आहेत.

आता दोन खोल्यांचे काय केले, हेही सांगतो, कारण अनेक घरांत हाच प्रश्न पुढे करून बहिणींना बाजूला केले जाते. धाकटा भाऊ मायजवळ राहत होता, तो तिथेच राहतो. कोणी भिंती पाडल्या नाहीत, कोणी कोणाला बाहेर काढले नाही. घर विकायचे झाले तर चौघांच्या सहीने विकले जाईल आणि पैसा चौघांत सारखा वाटला जाईल. आणि उद्या आमच्यातल्या एखाद्या बहिणीवर मावशीसारखी वेळ आली, तर ती ओसरीत येणार नाही, आपल्या घरात येईल. फरक एवढाच आहे, पण त्याच फरकापायी आमच्या मावशीचे आयुष्य गेले.

कायदा काय सांगतो, तेही वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी केंद्रीय कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हिंदू कोड बिल अडवले गेले हे एक मोठे कारण होते. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले. त्यातला वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी, म्हणजे धम्मदीक्षेच्या चार महिने आधी लागू झाला. तो आपणा बौद्धांनाही लागू आहे. बापाची स्वकष्टाची मिळकत असो की आईची, मृत्युपत्र केलेले नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. म्हणजे १९६८ साली आमच्या माय-मावशीचा हक्क कायद्यात होता. राहत्या घराची वाटणी मागायला तेव्हा मुलींना अडथळा होता, तरी नवऱ्याने टाकलेल्या मुलीला त्या घरात राहण्याचा हक्क होताच. तो हक्क कायद्याने नाही, एका अंगठ्याने गेला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो अडथळाही दूर झाला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्माने हक्कदार झाली. त्या तारखेला बाप हयात नसला तरी मुलीचा हा हक्क जात नाही, असा निकाल ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला.

कायदा एवढा पुढे आला. आपली घरे कुठे आहेत? १४ एप्रिलला आपण हिंदू कोड बिलावर व्याख्यान ठेवतो. बाबासाहेबांनी स्त्रियांसाठी मंत्रिपद सोडले, असे वक्ता सांगतो तेव्हा टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या किती जणांच्या कपाटात बहिणींचे हक्कसोडपत्र घडी घालून ठेवलेले आहे? बहिणींनी राजीखुशीने दिले, असे उत्तर येते. आमच्या बहिणी इथे स्वतः लिहीत आहेत, म्हणून त्यांचेच ऐका. सही केली नाही तर भाऊ तोंड फिरवेल, माहेर तुटेल, दिवाळीला बोलावणे येणार नाही, आई-बापाच्या स्मृतिदिनाला परक्यासारखे बसावे लागेल, या धाकाने बहीण सही करते. त्या धाकाला राजीखुशी म्हणता येत नाही. मायचा प्रश्न साधा होता, "बहिणीले साडी देऊन घर घेता काय?"

दुसरे असे, की मायच्या त्यागाचे गोडवे गाण्याची आपल्याकडे फार हौस आहे. आमच्या घरच्या कार्यक्रमात एका वक्त्याने तिला त्यागमूर्ती म्हटले. ती हयात असती तर तिथेच बोलली असती. एकदा महिला मंडळाच्या सत्कारात असेच कोणी म्हणाले तेव्हा तिने माईक धरून सांगितले होते, "मले त्यागमूर्ती नोका म्हनू. म्या काम केलं, पैसे कमी भेटले, एवढंच." आईचा त्याग म्हणून तिची मजुरी बुडवणे आणि बहिणीचा त्याग म्हणून तिचा वाटा बुडवणे, ही एकाच घरातली दोन कामे आहेत. रमाईच्या हालअपेष्टांवर डोळे पुसायचे आणि घरातल्या रमाईला कोऱ्या कागदावर सही करायला लावायची, हे चळवळीत बसत नाही.

म्हणून आमची वाचकांना कळकळीची विनंती आहे. ज्यांच्या घरी यंदा कोणाचा स्मृतिदिन आहे, त्यांनी मांडव जरूर घालावा, भोजनदान करावे, दैनिकात फोटोही द्यावा. पण त्या आधी वारस नोंद बघावी, तीत बहिणींची नावे आहेत का ते तपासावे. ज्या वस्तीत विहार आहे, तिथल्या महिला मंडळाने वर्षातून एक रविवार फक्त कागद वाचण्यासाठी ठेवावा. आपल्यात आता वकील पोरे-पोरी पुष्कळ झाल्या आहेत, त्यांना बोलवावे. आई-वडील हयात असतील तर त्यांनी आपली इच्छा मृत्युपत्रात लिहून ठेवावी. आणि बहिणींनी कागद वाचल्याशिवाय, कळल्याशिवाय आणि मनापासून पटल्याशिवाय कुठेही सही करू नये, मग समोर सख्खा भाऊ का असेना.

मायच्या प्रथम स्मृतिदिनी आम्ही चौघे आमच्या विहारात असा पहिला रविवार ठेवत आहोत. तिची वही त्या दिवशी सर्वांना पाहता येईल. वहीच्या शेवटच्या पानावर आजारपणातली तिची सही आहे. अक्षरे थरथरलेली आहेत, पण एकही सुटलेले नाही.

कालकथित मायच्या स्मृतीस विनम्र अभिवादन! जय भीम!